सोनूबाई शेजवळ आणि अकरावी जागा

सोनूबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली. सत्याऐंशी साल असेल. आमच्या भांडुपच्या सातेरीप्रसाद सोसायटीत मी नवीन राहायला आले होते, टेलिफोन खात्यात नोकरी, बी.एस्सी. झालेली, आणि त्याचा तोराही होता. सकाळी पाणी गेलं. खाली उतरून बघते तर मागच्या इमारतीतली एक ठेंगणी, काळीसावळी बाई पाण्याच्या चावीवर वाकलेली. मी ओरडले, "कोणाला विचारून बंद केलंत?" ती वर न बघता म्हणाली, "तुमची टाकी भरून वाहून राहिलीय बाई. वर जाऊन बघा आधी, मग भांडा." मी वर जाऊन बघितलं. वाहत होती. परत खाली गेले नाही, माफी मागायला लागली असती.

ही सोनूबाई. गाव जालन्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून झाल्यावर नवऱ्यामागे मुंबईत आली, तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर, देवनारच्या डंपिंगला खेपा करायचा. खोकून खोकून पन्नाशीच्या आत गेला. सोनूबाई इस्पितळात आया म्हणून लागली, तीस वर्षं वॉर्डातली भांडी आणि चादरी केल्या, पोरगी चेतना हिला नर्स केलं, आणि निवृत्त झाली. शिक्षण पाचवी. एवढंच म्हटलं तर मुंबईत अशा हजार बायका आहेत. पण सरकारी माणसाकडून काम करून घ्यायची सोनूबाईची रीत हजारांत नव्हती.

ती कधी आवाज चढवत नसे. वॉर्ड ऑफिसात साहेबाच्या टेबलासमोर बसायची. साहेब म्हणायचा, उद्या या. ती म्हणायची, "उद्या कशाला? आज आलेच आहे ना." एक वाजला की डबा उघडायचा. भाकरी, ठेचा, कांदा. "तुमचं चालू द्या साहेब, मी जेवून घेते." ठेच्याच्या वासाने साहेबाचे डोळे पाणवायचे की पोटात कालवायचं, देव जाणे, पण तिचा डबा संपायच्या आत सही व्हायची. आमच्या तिन्ही इमारतींना आज जी जाड पाइपलाइन आहे, ती अशा चार डब्यांवर आलेली आहे. पुढच्या इमारतीतल्या लोकांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं, पाणी आपोआप येतं.

इमारतींचं सांगायला हवं. पुढची, मधली, मागची. पुढच्या आणि मधल्या इमारतीत बहुतेक आम्ही कोकणातले, गिरणीत राबलेल्यांची घरं. मागच्या अठरा खोल्या नाल्याला लागून, त्यात महापालिकेत कामाला असलेली बौद्ध कुटुंबं. सोसायटी एक, फाटक एक. नाव मात्र आमच्या देवीचं. ते ठेवताना मागच्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दोन हजार तेवीसमध्ये पुनर्विकासाचं आलं. बिल्डरने मोठा रंगीत नकाशा नोटीस बोर्डावर लावला. आठवडाभर त्याच्यापुढे गर्दी. जो तो बोट ठेवून आपली खोली किती फुटांनी वाढली ते मोजतोय. श्रुतिका पेडणेकर म्हणून पुढच्या इमारतीत एक आर्किटेक्ट मुलगी आहे, हुशार, माझी लाडकी. तिने सगळ्यांना समजावून सांगितलं, बाल्कनी कुठे, लिफ्ट किती. सोनूबाई शेवटी आली. चष्मा पुसला, नकाशाभर बोट फिरवलं, आणि म्हणाली, "आणि आम्ही आत कुठून शिरायचं?"

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या आणि मधल्यांसाठी एक बावीस मजली टॉवर, मोठं फाटक, बाग. मागच्या अठरा घरांसाठी नाल्याकाठी एक अरुंद सात मजली काडी, मध्ये भिंत, आणि फाटक नाल्याच्या गल्लीतून. श्रुतिका म्हणाली, "अय्या, हो की! मी एंट्रीकडे बघितलंच नाही." सोनूबाई म्हणाली, "तुला बघायची गरजच नव्हती ना पोरी." टोचून नाही, समजूत घातल्यासारखं म्हणाली. टोचलं ते मला.

त्या प्रश्नावरून आमची युती झाली. काशीराम गवस पुढे झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गिरणीतला जुना संपवाला. "एकाच फाटकातून सगळे. नायतर कोणाचोच टॉवर नाय," असं त्याने सभेत सांगितलं आणि मागची इमारत त्याच्या पाठीशी उभी राहिली. निवडणुकीत अकरापैकी सहा जागा आम्ही घेतल्या. बिल्डरच्या बाजूचे पाच. त्यांचा म्होरक्या हर्षद सामंत स्वतः पडला, एका मताने. कमिटी जो नकाशा पुढे ठेवील तोच सर्वसाधारण सभेत जाणार होता, आणि तिथे लोक खोलीचा आकार बघून हात वर करणार, हे उघड होतं. म्हणजे एक फाटक की दोन, हे कमिटीतच ठरायचं होतं.

आणि जानेवारीत काशीराम गेला. झोपेत. चांगलं मरण आलं त्याला, आमचं मात्र वाईट झालं.

उरलो दहा. त्यांचे पाच, आमचे पाच. आमचे म्हणजे अध्यक्ष गुणाजी घाडी, मधल्या इमारतीतली नंदा, मागच्या इमारतीतले दोघे, सोनूबाईंचा धाकटा दीर खंडू आणि बँकेत असलेला विशाल, आणि मी. रिकामी जागा कमिटीनेच भरायची. पाच-पाच झाले तर अध्यक्षाचं जादा मत. म्हणजे आम्ही पाचांनी एका नावावर हात वर केला की जागा आमची. यात न कळण्यासारखं काही आहे? पाचवीतल्या पोराला कळेल.

विशालने नाव काढलं, सोनूबाईंचं. माझ्याच घरी बसलो होतो. मग नंदा म्हणाली, "अगं पण त्यांची वेगळी राखीव सीट असते ना? ती भरलेली आहे. ही ओपनची आहे."

ती म्हणाली-न-म्हणाली तोच विशाल उसळला. "ओपन म्हणजे सगळ्यांना ओपन, नंदाताई. तुमच्या नावावर केलेली नाही."

"तसं नाही रे म्हणायचं मला..."

"तसंच म्हणालात."

गुणाजीने हात वर करून दोघांना गप्प केलं. तो म्हणाला, "काशीरामाची जागा आसा ती. काशीरामाचो झील आसा ना, देवेश? तेका घेवया. गिरणीत काय होतां? बापाशीच्या जागेर झील लागता. कोण इचारता?"

मी म्हटलं, "गुणाजी, गिरणी बंद होऊन जमाना झाला. आणि देवेश राहतो डोंबिवलीला. इथल्या खोलीला कुलूप आहे त्याच्या."

"नाव तर आसा ना कागदार!"

खरं सांगायचं तर याच क्षणी मी सोनूबाईंचं नाव घ्यायला हवं होतं. तीन झाले असते, उरलेले दोन आले असते. मी श्रुतिकाचं नाव घेतलं. म्हटलं, नकाशे समजणारं कोणीतरी हवं, बिल्डरशी इंग्रजीत बोलणारं हवं. नकाशा कोणाला समजला होता, हे काही महिन्यांपूर्वी बोर्डासमोर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी घेतलं. पाचवी शिकलेली बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सभेची मिनिटं मराठीत वाचायला सांगणार, हे मला कुठेतरी पटत नव्हतं. आता कारणं शोधून काय उपयोग.

त्यानंतर गुणाजी गावाला गेला. शिमगा होता. परत आला तो कपाळाला अंगारा लावून, थेट माझ्या दारात.

"वनमाला, मी देवाक इचारून इलंय. रवळनाथान उजवो कौल दिल्यान."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे अडीअडचणीला गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्नं, जमिनी, विहिरी, सगळं यावर ठरतं. हाऊसिंग सोसायटीच्या कमिटीची जागा यावर ठरवणारा गुणाजी बहुधा पहिलाच.

"प्रश्न काय घातलास?" मी विचारलं.

"काशीरामाची जागा काशीरामाच्या घरात रवली तर बरा होयत काय?"

"मेल्या, मग सोनूबाईंचं का नाही विचारलंस?"

तो खरोखरच गोंधळला. "तेंचा आमच्या देवाक कसा इचारतलंय? त्यो देव त्यांचो खय?"

जो देव त्यांचा नाही, त्याने त्यांच्या फाटकाचा निकाल द्यायचा. आणि आता एकदा कौल मिळाल्यावर गुणाजी मागे फिरणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या माणसाला मत देणं म्हणजे देवाचं मोडणं. नंदा तर हात जोडूनच मोकळी झाली. बिल्डरने लाख खटपटी करून जे जमलं नसतं, ते दोन पाकळ्यांनी केलं.

हे मागच्या इमारतीत कळायला किती वेळ लागणार? संध्याकाळी खंडू गुणाजीच्या दारात. पोस्टातून निवृत्त झालेला, सहसा शांत माणूस. "घाडीसाहेब, आम्ही बाबासाहेबांच्या घटनेवर चालतो. तुमच्या गावच्या फुलावर नाही. आता सोनूबाईच. दुसरं नाव आलं तर आमचे दोन हात खाली."

"म्हणजे तुमी हर्षदाक जागा देतलास?"

"आम्ही नाही, तुमचा देव देतोय."

सोनूबाईंना यातलं कोणीच काही विचारलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. जिने चढून दम लागला होता. पाणी दिलं, ते प्यायल्या, आणि म्हणाल्या, "परबबाई, माझं नाव मागं घ्या. मला खुर्चीचं काही नाही. देवेशला घ्या, श्रुतिकाला घ्या, कोणालाही घ्या. फक्त त्यानं चारचौघांत म्हणावं, फाटक एकच राहील. मी खंडूभाऊजींना समजावते."

मी देवेशला तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. देवेश म्हणाला, "मावशी, मी बघतो ना. आधी बसू तर द्या यार. आता कमिट कशाला करायचं? प्रोजेक्ट लेट झाला तर सगळ्यांचीच वाट लागेल."

सोनूबाईंनी फोनकडे बघितलं, जसं डॉक्टरने नुसती मान हलवल्यावर नातेवाईक बघतात तसं. "हा नाही म्हणला," त्या म्हणाल्या. "मग तुमच्या पोरीला घ्या. ती तरी खोटं बोलत नाही."

मला आनंद झाला. तोच माझा गुन्हा. मी लगेच गुणाजीला फोन केला, की सोनूबाई माघार घेतायत, आता श्रुतिका. गुणाजीने ऐकलं ते एवढंच, की सोनूबाई माघार घेतायत. तो म्हणाला, "बघ! देवाचा खरा झाला. आता देवेश." आणि त्याने ती बातमी जिन्यात भेटलेल्या खंडूला ऐकवली, वर म्हणाला, "तुमच्या वयनीक पण पटला." खंडू वहिनीकडे गेला नाही, मला विचारलं नाही. आपल्या घरातली बाई आपल्याला न सांगता पुढच्या इमारतीत जाऊन माघार घेऊन आली, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. सोनूबाई त्याला समजवायला गेल्या तर तो म्हणाला, "आज नाव मागं घेतलं तर पुढची तीस वर्षं आपलं नाव कोणी काढणार नाही. तुम्ही घरी बसा वहिनी. हे आता तुमचं एकटीचं नाही." तेही खरंच होतं. पाचहीजण आपापल्या जागी खरे होते. खोटं फक्त गणित झालं.

सहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात सभा. सोनूबाई बाहेर पायरीवर बसलेल्या, दार उघडं. गुणाजीने नावं पुकारली. हर्षद सामंत. पाच हात, झटक्यात, जसे काही दोरीने बांधलेले. देवेश गवस. गुणाजी आणि नंदा. सोनूबाई शेजवळ. खंडू आणि विशाल. श्रुतिका पेडणेकर. मी एकटी.

मला शेवटपर्यंत वाटत होतं, कोणीतरी नमेल. इतर चौघांनाही तेच वाटत असणार. माझा हात वर होता आणि मी खंडूकडे बघत होते, खंडू गुणाजीकडे, गुणाजी माझ्याकडे. समोरचे पाच आमच्याकडे बघून हसतही नव्हते. त्यांना आमची कीव येत होती, आणि ते जास्त लागलं.

गुणाजीने हर्षदचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं. बाहेर पायरीवरून सोनूबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि चालू लागल्या.

एप्रिलच्या सभेत नकाशा आला. दोन फाटकांचा. त्या दिवशी आमची एकी बघण्यासारखी होती. विरोधात पाचही हात एकदम वर गेले. गुणाजीने तर दोन्ही वर केले. समोर सहा होते. अध्यक्षाचं जादा मत घरी ठेवून द्यायच्या कामाचं. सर्वसाधारण सभेत मी बोलायला उभी राहिले, चांगली दहा मिनिटं बोलले. मधल्या इमारतीतली एक बाई म्हणाली, "परबकाकी, लवकर संपवा, गॅसवर डाळ आहे." ठराव मंजूर.

मी सोनूबाईंकडे गेले. माणसाने जायला हवं म्हणून गेले. म्हटलं, "सोनूबाई, माझी चूक झाली."

त्या तांदूळ निवडत होत्या. "चूक नाही बाई," त्या म्हणाल्या. "चूक न कळता होते."

मग तांदूळ निवडत राहिल्या. मी थोडा वेळ बसले, आणि आले.

संमतीपत्रावर त्यांनी सही केली नाही. मागच्या अठरातल्या अकरांनी केली. घर पडायला आलेलं, पोरांची लग्नं तटलेली, किती थांबणार? नियमाप्रमाणे सोनूबाईंच्या सहीवाचून काही अडलं नाही. खोली खाली करायच्या दिवशी चेतना टेम्पो घेऊन आली आणि आईला वाकोल्याला घेऊन गेली. विशालने सामान चढवायला मदत केली. खंडू आला नव्हता. दीर-भावजयीत अजून बोलणं नाही, ते एक आणखी.

आता इमारती पडल्या आहेत. मी मुलुंडला भाड्याच्या घरात आहे. नव्या टॉवरचा पाया झाला, मधली भिंतही उभी राहिली आहे. ती बिल्डरने सगळ्यात आधी बांधली.

गेल्या महिन्यात नंदाने मुलीकडे परदेशी जायचं म्हणून राजीनामा दिला. पुन्हा एक जागा रिकामी. या वेळी समोरच्या दोघांचं हर्षदशी फाटलंय, त्यामुळे आमचा माणूस बसू शकतो. गुणाजीचा फोन आला. "वनमाला, या टायमाक सोनूबायच. मी देवाबिवाक काय इचारूक नाय. खंडू तयार, विशाल तयार, तू तयारच आसस. तू जा आणि सांग तेंका."

गेले वाकोल्याला. चेतनाचं घर दुसऱ्या मजल्यावर, सोनूबाई खिडकीत मेथी निवडत बसलेल्या. पांढऱ्या झाल्या आहेत अगदी. मला बघून "या बाई" म्हणाल्या, खुर्चीवरची घडी केलेली कापडं उचलली. मी सगळं सांगितलं. सगळ्यांचं एकमत आहे, एकही नाव दुसरं नाही, हे दोनदा सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "नकाशा बदलता येईल का?"

"नाही. पाया झाला. मंजुऱ्या झाल्या."

"भिंत?"

"उभी आहे."

"मग मी तिथं बसून काय करू?" त्या म्हणाल्या. "पाय दुखतात म्हणून बसू? त्याला इथं खुर्ची आहे की."

मी काहीतरी बोलायला गेले, पुढच्यांसाठी, नाल्याच्या गल्लीत दिवे, पाण्याचा दाब, असलं काहीतरी. त्या म्हणाल्या, "परबबाई, त्या गल्लीत दिवे लावायला मी पुन्हा डबा घेऊन साहेबापुढं बसू, असं म्हणताय ना? आणि तुम्ही मोठ्या फाटकातून जाल. कामून बसू मी?" राग नव्हता आवाजात. मला तो चालला असता.

चेतनाने चहा आणला. चहा झाला. मेथीची एक जुडी त्यांनी मला बांधून दिली, नको म्हटलं तरी. खाली उतरले तोवर गुणाजीचा फोन.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"नाय? कित्याक? आता तर आपण सगळे एक आसंव ना गो!"

मी फोन बंद केला.